टॉवर फुल्ल, तरी पैसे जाईनात

मागच्या अंकात आपण फोनच्या बॅटरीवर बोललो आणि पत्रं आली ती सगळी रेंजची, म्हणजे विचारलं काय आणि आलं काय. असो. त्यात एक तर चक्क पोस्टकार्ड आहे, रेंजची तक्रार पोस्टकार्डावर, त्या काकांना माझा नमस्कार. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, पण पाच-सहा पत्रं अशी आहेत की वरनं वेगवेगळी दिसतात आणि आत दुखणं एकच आहे, म्हणून ती एकत्र घेतलीत.

प्रश्न : दादा, माझं महाद्वार रोडला पूजा साहित्याचं दुकान हाय. नवरात्रात गर्दी झाली की गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतंय आणि ते गोल चाक नुसतं फिरत बसतंय. बघावं तर फोनला सगळ्या काड्या, वर ५जी पण लिवलेलं. कंपनीला फोन केला तर म्हणत्यात, सर तुमच्या एरियात नेटवर्क एकदम एक्सलंट आहे. मग पैसे का जाईनात? नारळ देऊन बसलोय, गिऱ्हाईक देवळात गेलं की परत कुठं सापडतंय!
— एक दुकानदार, महाद्वार रोड, कोल्हापूर

उत्तर : तो कस्टमर केअरवाला खोटं बोलत नाही आणि तुम्ही पण नाही, भांडण त्या काड्यांमुळं लागलंय. काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतोय. तुमचं म्हणणं ऐकायला टॉवरला सवड आहे का, हे काड्या सांगतच नाहीत. तुमची शेती असेल, नसली तरी भावकीत कुणाची असेलच, तर पाणी पाळी माहीत असणार. बंधाऱ्यावर उभं राहिलं की नदीला पाणी किती ते दिसतंय, पण आपल्या उसाला पाणी कधी येणार ते पाळीवर ठरतं, नदी तुडुंब असली तरी पाळी गुरुवारची असेल तर बुधवारी कोरडंच.

टॉवरमध्ये असाच एक पाळी लावणारा बसलेला असतो, शेड्युलर म्हणतात त्याला. ४जीचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा २० मेगाहर्ट्झचा असेल तर त्याचे १०० तुकडे पडतात, एकेक तुकडा १८० किलोहर्ट्झचा, ह्याला रिसोर्स ब्लॉक म्हणतात. आणि हे १०० ब्लॉक कुणाला किती द्यायचे हा हिशोब तो दर मिलिसेकंदाला नव्यानं करतो, सेकंदाला हजार वेळा. आपल्याकडची सोसायटीची मीटिंग आठवा आणि मग ह्या गड्याला हात जोडा. आता ह्यात गोम अशी की सगळ्यांना एक ब्लॉक सारखाच पिकत नाही. टॉवरसमोर मोकळ्यावर उभा असलेला फोन एका झटक्यात ६ नाहीतर ८ बिट उचलतो आणि बोळाच्या आत, दगडी भिंतीमागं उभा असलेला जेमतेम २, म्हणजे तोच फोटो पाठवायला आतला माणूस कितीतरी जास्त ब्लॉक खातो आणि ते ब्लॉक बाकीच्यांच्या वाटणीतनं जातात. गर्दीत दहा-वीस जण असे लांबनं व्हिडिओ चालवायला लागले की बाकी सगळ्यांचं चाक फिरायला लागतं.

तुम्ही म्हणाल, यूपीआयला कितीसा डेटा लागतोय? अगदी चिमूटभर लागतो, पण ती चिमूट मागायला आधी हात वर करावा लागतो. खिशात निवांत पडलेला फोन बाहेर काढून स्कॅन केलं की तो टॉवरला ‘मी आलोय’ म्हणून एक छोटी खूण पाठवतो आणि ४जीत एका सेलला, म्हणजे टॉवरच्या एका ॲंटेनाच्या टापूला, अशा खुणा आहेत फक्त ६४. दोघांनी एकाच वेळी एकच खूण केली की टक्कर, दोघंही थांबणार आणि परत हात वर करणार, तोवर आणखी पन्नास हात वर. म्हणजे वर्गात जागा शिल्लक असेल सुद्धा, पण दारातच चेंगराचेंगरी. आणि तो ५जीचा शिक्का बघून हुरळून जाऊ नका, कारण काही कंपन्यांचं ५जी ४जीच्या खांद्यावर बसून चालतं, डेटा ५जीवरनं वाहतो पण बोलणी सगळी ४जीमार्फत, मग ४जीचं दार तुंबलं की वरचं ५जी रिकामं असूनही तुमच्या कामाचं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीत असताना बरीच वर्षं ड्राइव्ह टेस्टची, म्हणजे फिरत फिरत नेटवर्क मोजायची, गाडी घेऊन हा जिल्हा पालथा घातलाय, गाडीत लॅपटॉप, त्याला चार फोन लावलेले आणि मागं ॲंटेना. एका चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर ड्युटी होती, सासनकाठ्या नाचायला लागल्या, चांगभलंचा गजर आणि गुलाल असा की गाडीच्या बंद काचेतनं आत आला. स्क्रीनवर सिग्नल उणे ७० डीबीएम, म्हणजे ह्यापेक्षा चांगला मागून मिळत नाही, आणि त्याच स्क्रीनवर स्पीड शून्याच्या आसपास. ऑफिसला फोन लावायचा म्हणून अर्धा डोंगर उतरलो, तिथं सिग्नल उणे १००, दोन काड्या, आणि फोन पहिल्या फटक्यात लागला, कारण तिथनं दिसणारा टॉवर दुसरा होता, वाडीचा, रिकामा. त्या लॅपटॉपची स्पेस बार अजून गुलाबी आहे, घासून निघाली नाही.

आता तुमचं काम. तुमच्या डोक्यावर एकाच वेळी २जी, ४जीचे दोन-तीन पट्टे, ५जी आणि आजूबाजूच्या दुकानांची वायफाय अशी पाच-सहा नेटवर्कं आहेत आणि ती सगळी एकदम तुंबलेली नसतात. यूपीआयला गिऱ्हाइकाचा फोन चालायला पाहिजे, तुमचा नाही, हे लक्षात घ्या. दुकानात फायबरचं कनेक्शन घेऊन गिऱ्हाइकासाठी वेगळं गेस्ट वायफाय काढा, ५ गिगाहर्ट्झवर, पासवर्ड क्यूआरच्या शेजारी चिकटवा. रीतसर करायचं असेल तर पीएम-वाणी नावाची योजना डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केलीय, तीत दुकानदाराला सार्वजनिक वायफाय द्यायला लायसन लागत नाही आणि नोंदणीची फी पण नाही. आणि तुमच्या साउंड बॉक्सचं सिम तुमच्या फोनच्या कंपनीचं नको, वेगळं बघा. एवढं करूनही चाक फिरलं तर मग अडचण बँकेच्या सर्व्हरची असू शकते, त्याला टॉवर बिचारा काय करणार.

प्रश्न : टॉवर वाढवा की मग, एवढं काय शास्त्र सांगताय?
— शिवाजी पेठ (नाव नाही, फक्त एवढंच लिहिलंय)

उत्तर : विसर्जनाला पापाच्या तिकटीला दोन मंडळांच्या साउंड सिस्टीम समोरासमोर आल्या की कुठलं गाणं ऐकू येतं? तेच. एकाच फ्रिक्वेन्सीवर जवळजवळ दोन टॉवर उभे केले तर एक दुसऱ्याचा गोंगाट होतो. म्हणून ॲंटेना खाली झुकवतात, पॉवर कमी करतात, दिव्याच्या खांबावर छोटे सेल लावतात. वाढवतात हो, पण वाढवणं म्हणजे नुसता लोखंडाचा खांब रोवणं नव्हे.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. वायफाय हॉलमध्ये आहे, मागच्या खोलीत एकच काडी येते. मुलगी पुण्यात असते, तिच्याशी व्हिडिओ कॉल करताना मागं गेलं की ती रोबोटसारखी बोलते. वायफाय बंद केलं तर मोबाइल डेटावर एकदम स्वच्छ! मग फोनला एवढी अक्कल नाही का की वायफाय वाईट आहे तर सोडून द्यावं? दरवेळी मी कुठं बटणं दाबत बसू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. फोनचा स्वभाव पास काढलेल्या प्रवाशासारखा आहे. केएमटीचा पास खिशात आहे म्हटल्यावर माणूस बसमध्येच बसून राहतो, बस सिग्नलला अर्धा तास उभी असली तरी, बाहेर वडापवाला ओरडून ओरडून बोलवत असला तरी. वायफाय फुकट, डेटाला पैसे, हे फोनच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून भरवलेलं आहे, त्यामुळं शेवटची काडी जाईपर्यंत तो वायफायला चिकटून बसतो. आमच्यात अशा फोनला स्टिकी क्लायंट म्हणतात, मराठीत काय म्हणायचं, गोचीड.

आणि गोचीड नुसता स्वतःचं नुकसान करत नाही. वायफायमध्ये पाळी लावणारा शेड्युलर नसतो, बहुतेक राउटरमध्ये तरी नसतो. प्रत्येकजण आधी कानोसा घेतो, कुणी बोलत नसेल तर बोलतो. आता हॉलमधला टीव्ही ३०० एमबीपीएसनं जोडलाय आणि मागच्या खोलीतला तुमचा फोन ६ नं, तर १५०० बाइटचं एक पाकीट पाठवायला टीव्हीला ०.०४ मिलिसेकंद लागतात आणि फोनला २ मिलिसेकंद, म्हणजे ५० पट वेळ तुमचा फोन हवा अडवून बसणार आणि तोवर टीव्ही गप्प. म्हणून तुमचा कॉल रोबोट होतो आणि त्याच वेळी हॉलमधनं पण आरोळी येते, ‘अगं काय केलंस, मॅच अडकली!’ येते का नाही?

मग शहाणपणानं नेटवर्क बदलायचं कुणी? मोबाइलच्या आतल्या आत हे काम फार जुनं आणि घोटून घोटून पक्कं केलेलं आहे. एका टॉवरकडनं दुसऱ्याकडं जाताना नवा सिग्नल जुन्यापेक्षा समजा ३ डेसिबलनं वरचढ पाहिजे आणि तो काही शे मिलिसेकंद तसाच टिकला पाहिजे, मगच उडी. एवढा दम धरला नाही तर फोन दोन टॉवरमध्ये टेबल टेनिसच्या चेंडूसारखा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं होत राहतो, ह्याला नावच पिंग-पाँग आहे. पण वायफाय आणि मोबाइल ह्या दोन वेगळ्या घरच्या सुना. राउटरला माहीत नाही टॉवरवर गर्दी किती, टॉवरला माहीत नाही राउटर किती तुंबलाय, आणि मधे फोन एकटा, त्याला दोन्हीकडच्या फक्त काड्या दिसतात. शिवाय उडी मारली की फोनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, बदलतो, चालू कॉलला वाटतं माणूसच बदलला, म्हणून एक झटका बसतोच.

ह्याच्यावर उपाय काढलेत बरं का. मल्टिपाथ टीसीपी म्हणून एक पद्धत आहे, तीत एकच संभाषण दोन्ही वाटांनी चालतं, २०१३ साली ॲपलनं ती सिरीसाठी वापरली. ५जीच्या नियमावलीत, तिच्या रिलीज १६ ह्या आवृत्तीत, एटीएसएसएस नावाची सोय लिहून ठेवलीय, तीत डेटा वायफायनं न्यायचा, ५जीनं न्यायचा, का दोन्हीकडनं वाटून, हा नियम नेटवर्क फोनला सांगतं. कागदावर सुंदर आहे. पण सोय कागदावर असणं आणि ती तुमच्या मागच्या खोलीत पोचणं ह्यात वर्षं जातात, ४जीच्या सुरुवातीलाच असा एक प्रकार आणला होता, तो फारसा कुणी वापरलाच नाही.

तोवर हे करा. सेटिंगमध्ये ‘वायफाय खराब असेल तर आपोआप मोबाइल डेटावर जा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, आयफोनवर वायफाय असिस्ट, अँड्रॉइडवर कंपनीगणिक नाव वेगळं, तो चालू करा. राउटर हॉलच्या कोपऱ्यातनं, टीव्हीमागनं काढून घराच्या मध्यावर उंच ठेवा. आणि २.४ गिगाहर्ट्झ वापरत असाल तर चॅनल १, ६ किंवा ११ च ठेवा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या ताराबाई पार्कातल्या बिल्डिंगमध्ये मी एकदा मोबाइलवर वायफाय ॲनालायझर लावून जिना चढलो, दुसऱ्या मजल्यावर एका राउटरनं चॅनल ३ धरलेलं, ते पण ४० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे १ वाल्यांना पण ताप आणि ६ वाल्यांना पण. मी घंटी वाजवून हात जोडून सांगितलं तर आतनं काका म्हणाले, ‘बिल आमचं आम्ही भरतोय, चॅनल तुम्ही कोण ठरवणार?’ बरोबर आहे त्यांचं, हा पट्टा बिनलायसनचा आहे, इथं कुणीच कुणाचा साहेब नाही. शेवटी त्यांच्या नातवानं बदललं, गेम अडकत होता म्हणून.

प्रश्न : कॉल आला की माझ्या फोनचं ५जी जाऊन ४जी होतं. फोन खराब आहे का? दुकानदार बदलून देईना.
— गोकुळ शिरगाव एमआयडीसी

उत्तर : फोन ठणठणीत आहे, दुकानदाराला सोडा. ५जीवरनं आवाज न्यायची सोय तुमच्या फोनमध्ये आणि तुमच्या नेटवर्कवर, दोन्हीकडं चालू असेल तरच कॉल ५जीवर राहतो, नाहीतर नेटवर्क तुम्हाला कॉलपुरतं ४जीवर उतरवतं आणि कॉल संपला की परत चढवतं. हे मुद्दाम केलेलं असतं. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये ४जीचा खालचा, कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा आतपर्यंत शिरतो, त्यामुळं कॉल उलट चांगलाच लागणार.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गाइडनी ‘जॉइंट रेडिओ रिसोर्स मॅनेजमेंट’ हा विषय दिलाय, म्हणजे ४जी, ५जी, वायफाय मिळून युजरला कुठलं नेटवर्क द्यायचं ते ठरवायचं. सिनियर म्हणतात टॉप्सिस लावून टाक, कोड तयार आहे, आठवड्यात प्रोजेक्ट संपतो. लावू का?
— एक विद्यार्थी

उत्तर : लावलंस तर पास होशील. पण एवढा रसाळ विषय हातात आलाय आणि तू उसाचं चिपाड चघळणार, असं होईल.

टॉप्सिसमध्ये काय करतात, स्पीड, डिले, खर्च, बॅटरी ह्यांना वजनं द्यायची आणि आदर्श उत्तराच्या जवळ कोण ते बघायचं. वजनं कुणी ठरवली? तूच, रात्री दोन वाजता. आणि एक भानगड स्वतः करून बघ, दोन नेटवर्कं ठेव, अ पहिला आला. आता तिसरं एक टुकार नेटवर्क यादीत घाल, कधी कधी ब पहिला येतो. टुकार पोरगं वर्गात आलं म्हणून पहिल्या दोघांचा नंबर बदलला, असली परीक्षा कोण मानेल? ह्याला रँक रिव्हर्सल म्हणतात आणि व्हायवात हा प्रश्न आला की तयार कोडवाले गप्प होतात.

दुसरी गोष्ट ह्याहून मोठी. ह्या पद्धतीत प्रत्येक फोन आपापलं भलं बघतो. शंभर फोननी एकाच क्षणी हिशोब केला, सगळ्यांना वायफाय रिकामं दिसलं, सगळे तिकडं धावले, वायफाय मेलं, पुढच्या क्षणाला सगळे परत ५जीवर. फोनला आपलं ॲप आणि बॅटरी माहीत असते पण गर्दी माहीत नसते, नेटवर्कला गर्दी माहीत असते पण तुझी बॅटरी ३ टक्के आहे हे माहीत नसतं. जॉइंट शब्दातला सगळा जीव इथं आहे, दोघांकडची अर्धी अर्धी माहिती एकत्र आणायची कशी आणि किती वेळात. तुझा प्रोजेक्ट ह्या एका प्रश्नावर उभा कर.

वेळ का म्हणालो, तर ब्लॉकची पाळी टॉवरमध्येच मिलिसेकंदाला लागते, तिथं बाहेरच्यानं हात घालायचा नाही. ओ-रॅन अलायन्स ही मोबाइल कंपन्यांची २०१८ साली स्थापन झालेली संघटना, तिच्या रचनेत वरचा एक कंट्रोलर १० मिलिसेकंद ते १ सेकंदात निर्णय घेतो, कुणाला कुठल्या सेलवर ढकलायचं वगैरे, आणि त्याच्याही वरचा १ सेकंदापेक्षा सावकाश धोरण ठरवतो. म्हणजे पाटकरी, शाखा अभियंता आणि पाटबंधारेचे मोठे साहेब. तुझा अल्गोरिदम ह्यातल्या कुणाच्या खुर्चीत बसणार, हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिही.

आणि निकाल दाखवताना सरासरी स्पीडचा आलेख काढून टाळ्या घेऊ नकोस. चार युजर, प्रत्येकी १० एमबीपीएस, सरासरी १०. चार युजर, एकाला ४० आणि तिघांना भोपळा, सरासरी तरी १०च. म्हणून राज जैन ह्यांचा १९८४ चा फेअरनेस इंडेक्स लाव, बेरजेचा वर्ग भागिले (वर्गांची बेरीज गुणिले माणसं), पहिल्या ठिकाणी १ येईल आणि दुसऱ्या ठिकाणी ०.२५. सोबत सगळ्यात मागं पडलेल्या ५ टक्के युजरना काय मिळालं ते दाखव, आणि तासाला किती उड्या झाल्या ते पण, कारण स्पीड वाढवायच्या नादात पिंग-पाँग वाढवणारे प्रोजेक्ट मी ढिगानं बघितलेत. एनएस-३ हा नेटवर्कचा सिम्युलेटर फुकट आहे, त्यात एलटीई (म्हणजे ४जी) आणि वायफाय दोन्हीची मॉड्यूल आहेत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच, असा सीन उभा कर, दोन टॉवर, चार वायफाय, आणि हाफटाइमला सगळ्यांनी एकदम फोन काढले. परीक्षक कोल्हापूरचे असतील तर त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्याकडं एका कंपनीचा टॉवर बंद पडला, दुसऱ्या कंपनीचा चालू होता. शेजारच्याचा फोन लागायचा, आमचा नाही, त्याचाच मागून वापरला. हवेतनं सगळ्यांचेच सिग्नल जात असतात तर अडीनडीला आमचं सिम दुसऱ्याच्या टॉवरवर का चालू नये?
— प्रयाग चिखली

उत्तर : (हेच ते पोस्टकार्ड.) काका, चालतं, तांत्रिक अडचण काहीच नाही. तुम्ही दुसऱ्या राज्यात गेल्यावर रोमिंग होतं तसंच हे, फक्त आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे आपल्याच टेलिकॉम विभागात, इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. अडचण परवानगीची आणि हिशोबाची असते, म्हणून एरवी ते बंद ठेवलेलं असतं. जून २०२३ ला बिपरजॉय वादळ गुजरातला धडकलं तेव्हा दूरसंचार खात्यानं तिथल्या किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत काही दिवसांसाठी हे चालू करायला लावलं होतं, कुणाचंही सिम, कुणाचाही टॉवर. माझ्या मते पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांच्या धोका पातळीकडं सरकायला लागली की आपल्याकडं पण ते आपोआप चालू व्हायला पाहिजे, साहेबांच्या सहीची वाट बघत बसायला नको. आणि एक आहे, चालू टॉवरवर सगळं गाव एकदम आलं तर मघाशी महाद्वार रोडला झालं तेच होणार, म्हणून अशा वेळी आवाज आणि एसएमएस आधी, व्हिडिओ शेवटी, अशी पाळी लावूनच दार उघडायला लागतं.

अशी सोय जाहीर झाली आणि फोन आपणहून जोडला गेला नाही तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ काढून यादीतनं चालू असलेली कंपनी हातानं निवडायची, नातवाकडनं आत्ताच एकदा करून घ्या, पुरात शिकत बसायला नको. आणि सोय जाहीर झालेली नसली, फोनवर नुसतं ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ दिसत असलं, तरी ११२ लावून बघायचं, तो कॉल फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरनं पण लावायचा प्रयत्न करतो. घरात दोन सिम असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा आणि गावच्या टॉवरखाली जाऊन एकदा विचारून या, कारण बऱ्याच ठिकाणी एकाच खांबावर दोन-तीन कंपन्या असतात, खाली जनरेटर पाण्यात गेला की वरच्या सगळ्या एकदमच गप्प.